‘दुखतं’ एवढंच लिहू नका

मागच्या अंकात मी एक विनंती केली होती. पत्रात नुसतं ‘दुखतं’ लिहू नका, तुमचं दुखणं ज्या शब्दाने तोंडात येतं तो शब्द लिहा. महिनाभरात आलेली पत्रं एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पसरली आणि शब्द वहीत उतरवत गेले. ठणका. कळ. चमक. उसण. रग. सणक. ठुसठुस. भगभग. आग. मुंग्या. एका आजोबांनी लिहिलंय, ‘दाढेत बसून कुणीतरी ऐरणीवर घाव घालतंय.’

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी दुखण्याचे असेच इंग्रजी शब्द गोळा केले आणि १९७५ साली ७८ शब्दांची एक प्रश्नावली केली. वेदनातज्ज्ञ ती आजही वापरतात. मी बारा वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, आता दहा वर्षं कोल्हापुरात वेदनांची ओपीडी चालवते. माझा अनुभव असा, की पेशंटच्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा अर्धा तपास असतो. ठणका म्हणणाऱ्याला लागू पडणारी गोळी आग म्हणणाऱ्याला पडेलच असं नाही. म्हणून हा खटाटोप. आता पत्रांकडे वळते.

‘डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. वय ६३, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दोन्ही गुडघे, उजवा जास्त. सकाळी धरतात, जिना उतरताना कळ येते, संध्याकाळी ठणका. आठ महिने रोज एक दुखण्याची गोळी घेते, तिच्याआधी गॅसची. त्याने बरं वाटतं. बीपीची गोळी सात वर्षं चालू आहे, तिच्यातच पाण्याचं औषधही आहे. हल्ली पाय सुजतात. गोळी चालू ठेवू का? ऑपरेशनची भीती वाटते.’ (जयसिंगपूर)

बाई, तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी दोनदा वाचलं. गुडघ्याचं नंतर बोलू, आधी किडनीचं. दुखण्याची गोळी, बीपीच्या काही ठरावीक गोळ्या आणि पाण्याचं, म्हणजे लघवी वाढवणारं, औषध ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर तिहेरी ताण पडतो. गॅसची गोळी पोट सांभाळते, किडनीला तिचा काही उपयोग नाही. ‘गॅसची घेतली की दुखण्याची बाधत नाही’ हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते आणि रोज खोडते. याच आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन तपासा (त्यावरून किडनीचं काम कळतं), बीपी मोजून घ्या, आणि आपल्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत दुखण्याची गोळी बंद ठेवा. बीपीची मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका.

आपल्याकडची गिधाडं गेली ती दुखण्याच्या गोळ्यांच्या याच गटातल्या डायक्लोफिनॅकमुळे. गुरांना दिलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण रोज एक म्हणजे आठ महिन्यांत २४० गोळ्या झाल्या, बाई.

मग ठणक्याचं काय? हेच डायक्लोफिनॅक मलमाच्या रूपात मिळतं. गुडघा चामडीच्या जवळचा सांधा, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा चोळलेलं जेल तिथे चांगलं काम करतं आणि गोळीच्या मानाने रक्तात फारच थोडं उतरतं. जास्त दुखेल त्या दिवशी पॅरासिटामॉल घ्या. गुडघ्यावर तिचा जोर बेताचाच चालतो, हेही खरं सांगते. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही तिची कमाल मर्यादा. तुमच्या वयाला मी तीनवर थांबते. सर्दीच्या गोळीतही बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतं, तेही यात मोजायचं.

आणि खरं औषध आहे मांडीच्या पुढच्या स्नायूत. माझ्या आईकडून मी हे सहा महिने करून घेतलं, म्हणून तपशिलाने लिहिते. पलंगावर पाय पसरून बसा. जुन्या टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा. आता गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीवर हात ठेवलात तर स्नायू दगडासारखा लागेल, तो लागला पाहिजे. मनात पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. पहिले पंधरा दिवस काहीच फरक वाटणार नाही. आई आठव्या दिवशी माझ्यावर चिडली होती. तिसऱ्या महिन्यात ती कठड्याला हात न लावता जिना उतरली.

एक किलो वजन कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पाटावर बसणं, उकिडवं बसणं बंद करा. संडासात कमोडची खुर्ची ठेवा, त्यात कमीपणा कसला? काठी घ्याल तर डाव्या हातात धरा. उजवा गुडघा दुखतो म्हणून बहुतेक जण ती उजव्या हातात धरतात, आणि सगळा भार नेमका दुखऱ्या पायावर जातो.

ऑपरेशनचं एवढंच सांगते. हे सगळं नेटाने करूनही रात्री झोप मोडत असेल, देवळापर्यंत चालवत नसेल, तर सांधा बदलणं हा उत्तम उपाय आहे. सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांचा असतो. घरात लग्नकार्य असेल तर एखाददुसरं ठीक, दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर कूर्चा आणखी झिजते.

‘वडील ७१ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी छातीच्या डाव्या बाजूला नागीण उठली. गावात गेरूचा लेप लावला, मंत्र टाकून घेतला. फोड गेले, खपल्या पडल्या, डागही पुसट झाले. पण तिथे आग होते. अंगात शर्ट घालवत नाही. पंखा लावला तर ओरडतात. दुखण्याच्या सगळ्या गोळ्या झाल्या. लोक म्हणतात, नागीण आत राहिली.’ (कराड)

दादा, लोक म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, फक्त आत राहिली ती नागीण नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो. म्हातारपणी प्रतिकारशक्ती उतरली की त्याच नसेच्या वाटेने तो बाहेर येतो. म्हणून नागीण एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही भीती माझ्या आजीलाही होती. ती तीन रात्री झोपली नव्हती. तसं काही नसतं. फोड जातात, पण वाटेत नस होरपळलेली असते आणि ती खोट्या तारा पाठवत राहते.

तुमच्या वडिलांसारखे एक गृहस्थ मागच्या वर्षी आले होते. सदऱ्याची डावी बाही रिकामी, सदरा उजव्या खांद्यावर अडकवलेला. मी कापसाचा बोळा त्यांच्या बरगडीवरून हलकेच फिरवला, तर ते खुर्चीतून उठले. मग त्याच जागी तळवा ठेवून घट्ट दाबला, तर म्हणाले, ‘आता बरं वाटतंय.’ कापूस सोसत नाही आणि तळवा सोसतो, ही होरपळलेल्या नसेची खूण. तुम्हीही घरी करून बघा.

या आगीला नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या लागू पडत नाहीत, त्यामुळे ‘सगळ्या झाल्या’ याचं मला नवल वाटलं नाही. तिला नसेची औषधं लागतात. ॲमिट्रिप्टिलिन रात्री अगदी थोड्या मात्रेत, दहा मिलिग्रॅमपासून. किंवा गॅबापेंटिन, प्रेगाबालिन. पहिल्याचं नाव नेटवर शोधलंत तर ‘नैराश्यावरचं औषध’ असं दिसेल. वडिलांना वेड लागलंय असं डॉक्टरला वाटलं, असा अर्थ काढू नका. नैराश्यासाठी मात्रा बरीच मोठी लागते. पण वडिलांना लघवीला अडखळत असेल, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. तिन्ही औषधांनी गुंगी येते. पहिल्या आठवड्यात रात्री उठताना कुणीतरी जवळ हवं, कारण या वयात पडून खुबा मोडला तर ते आगीपेक्षा महाग पडेल. लिडोकेनची पट्टी मिळाली तर दिवसाचे बारा तास तिथे चिकटवता येते. आणि सैल शर्टाऐवजी अंगाला घट्ट बसणारा मऊ बनियन घालून बघा. घासणारं कापड छळतं, चिकटून बसलेलं कमी छळतं. गुण दिसायला तीन-चार आठवडे द्या.

आईंचं वय लिहिलेलं नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांसाठी सांगते. नागिणीची नवी लस २०२३ पासून आपल्याकडे मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे, हे खरं. आणि घरात कुणाला नागीण उठलीच तर फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरची गोळी सुरू झाली पाहिजे. गेरू लावायचाच असेल तर गोळी सुरू करून लावा.

‘वय ३४, आयटीत नोकरी. कंबरेत तीन आठवडे उसण. एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाइव्हला डिस्क बल्ज. घाबरलोय. बेल्ट लावून झोपून आहे.’ (पुणे)

उठा. कंबर अजिबात दुखत नसलेल्या तिशीतल्या शंभर जणांचा एमआरआय काढला तर सुमारे चाळीस जणांत मणक्यांमधल्या गादीचा असा फुगवटा दिसतो. रिपोर्ट चामड्याच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा. झोपून राहिल्याने उसण लांबते, बेल्टने स्नायू आळसावतात. आज दहा मिनिटं चाला, उद्या बारा. बहुतेक उसणी सहा आठवड्यांत उतरतात. मात्र लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना, ताप आला किंवा वजन उतरू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

‘मॅडम, मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आई-अण्णा ऊसतोडीला जातात. आई ४१ वर्षांची. कंबर आणि ओटीपोटात सारखी रग असते, अंगावरून पांढरं जातं. अड्ड्यावरच्या दुकानातून गोळ्या आणून रोज दोन-तीन खाते. एका डॉक्टरने सांगितलं, पिशवी काढून टाका, कंबर थांबेल. मुकादम उचल द्यायला तयार आहे. काढायची का?’ (बीड जिल्हा)

नाही गं बाळ. घाईने तर मुळीच नाही.

मी कोल्हापुरात राहते. दिवाळीनंतर तुमच्याकडच्या टोळ्या आमच्या शिवारात उतरतात. फडात वाकून तोडणं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं हे मी जवळून पाहिलंय. फळी पायाखाली लवते, आणि बाई दुसऱ्या हाताने काहीही न धरता चढते. त्या कंबरेला रग लागते ती त्या ओझ्याने. तिचं कारण पिशवीत नसतं, त्यामुळे पिशवी काढून ती थांबत नाही. पांढरं जाणं हा बहुतेक वेळा संसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. आईची आतून तपासणी, गर्भाशयाच्या तोंडाची चाचणी, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन एवढं सरकारी रुग्णालयात करून घे. त्यात काही गंभीर निघालं तर ऑपरेशनचा विचार जरूर करा, पण दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊन आणि उचल न घेता.

२०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. हे आकडे वाचले तेव्हा मला आमच्या ओपीडीत आलेल्या बायका आठवल्या. पस्तिशीत पिशवी गेलेली, सोबत अंडाशयही काढलेली, आणि चाळिशीत हाडं ठिसूळ. कंबर आधीपेक्षा जास्त दुखणारी. डोक्यावर ऑपरेशनचं कर्ज.

गोळ्यांबद्दल. उन्हात दिवसभर घाम, पाणी जेमतेम, आणि वरून या गोळ्या, म्हणजे किडनी सुकते. आईला रोजची गोळी सोडवत नसेल तर निदान पॅरासिटामॉलवर आण, एका वेळी एक, दिवसात तीनपेक्षा जास्त नको, उपाशीपोटी नको, आणि फडावर पाण्याचा कॅन जवळ हवा. दुकानातल्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ बिलकूल नकोत. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड निघतं. मोळी बारीक बांधली तर खेपा वाढतात आणि मुकादम बोलतो, हे मला माहीत आहे. म्हणून तुला कसरतींचा तक्ता पाठवत नाही. तुझ्या आईच्या कंबरेवरचा उपाय माझ्या औषधाच्या कपाटात पुरता नाही, हे लिहिताना मला वाईट वाटतं. तिचे रिपोर्ट आले की मला पाठव.

‘आशा सेविका आहे, वय ३८. डोकं अर्धं ठणकतं, मळमळतं. आधी महिन्यातून दोनदा व्हायचं, आता १८-२० दिवस गोळी लागते.’ (पन्हाळा तालुका)

ताई, सुरुवात अर्धशिशीने झाली, पण आता गोळीच डोकं दुखवतेय. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक घेतल्या की हा फेरा सुरू होतो. गोळी डॉक्टरांच्या मदतीने थांबवायची. पहिले आठ-दहा दिवस कठीण जातील, त्या दिवसांत सर्वेक्षणाची फेरी ठेवू नका. सोबत रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध, प्रोप्रॅनोलॉल किंवा तसंच एखादं, सुरू होईल. दमा असेल तर आधी सांगा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात डोकं दुखलं तर फुली, गोळी घेतली तर गोल. संकष्टीच्या आणि गुरुवारच्या उपासाला फुली पडते का, तेही दिसेल. पडत असेल तर उपास सोडा. देव समजून घेईल, असं मी मनापासून म्हणते.

‘माझे यजमान ५८ वर्षांचे. कॅन्सर हाडांत पोचलाय. रात्रभर कण्हतात. मॉर्फिन सुरू करू म्हणतात. मुलगा म्हणतो, नको, व्यसन लागेल, ते शेवटचं औषध आहे. महिना झाला, ते ओट्यावर येऊन बसलेले नाहीत.’ (सांगली)

काकू, मुलाला हे पत्र वाचायला द्या.

मॉर्फिन शेवटचं औषध नाही. दुखणं जेव्हा तेवढं मोठं असतं तेव्हा ते द्यायचं, मग माणसाकडे चार आठवडे असोत की चार वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या आखून दिल्या, त्यांत वरच्या पायरीवर ते आहे. कॅन्सरच्या दुखण्यासाठी नीट मोजून, तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं फार विरळा. शरीराला सवय होते, म्हणून एकदम बंद करायचं नसतं. ती गोष्ट वेगळी.

आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू सरकारी परवान्याने पिकते. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने कित्येक वर्षं आपलीच माणसं मॉर्फिनवाचून तळमळत गेली. मी निवासी डॉक्टर असताना अशी एक रात्र पाहिली आहे. माझ्या हातात औषध होतं, पण वरून सही येईना. ती रात्र मी विसरलेले नाही. २०१४ मध्ये कायदा सुधारला, आता नोंदणी झालेल्या रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात आणि पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात याच कामाचे स्वतंत्र विभाग आहेत. तुमच्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या सेवेचा, विभाग आहे का, ते आधी विचारा.

गोळी दुखू लागल्यावर द्यायची नसते, घड्याळावर द्यायची असते, साधारण दर चार तासांनी. वेळा मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप येईल, मळमळेल, ते ओसरतं. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध लिहून मागा. इसबगोल इथे चालत नाही, त्याने उलट तुंबतं. फार गुंगी आली, श्वास मंद वाटला, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. एका ठरावीक हाडात जास्त दुखत असेल तर तिथे एकाच बैठकीचं रेडिएशन देता येतं का, हेही विचारा. त्याने काही आठवड्यांत बऱ्याच जणांना उतार पडतो.

पाच-सहा दिवसांनी मात्रा बसली की रात्री झोप लागेल. मग एखाद्या संध्याकाळी ते ओट्यावर न्या म्हणतील. जाड उशी आणि पाठीला लोड आतापासूनच काढून ठेवा.